घाटात तुटलेला गिअर आणि आजीची पायरी : टूरिंग सायकलचे पार्ट जुळवताना

कळमनुरीतून बोलतोय. पंखा बंद केलाय, खिडकी लावून घेतलीय, तरी मधेच एखादा ट्रॅक्टर गेला तर समजून घ्या. घर रस्त्यालाच आहे.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. मेसेज येतात, "दादा, सायकलवर लांब जायचंय. जुनी एमटीबी पडून आहे, तिला गिअर कोणते बसवू?" आणि सोबत एखाद्या पार्टचा स्क्रीनशॉट. "हे ऑफरमध्ये आहे, घेऊ का?" माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : थांब बाबा, पैसे देऊ नको अजून. कारण ऑफरमधला पार्ट घेऊन मी स्वतः दोनदा तोंडावर पडलोय. पहिल्यांदा दुकानात, बाकड्यावर बसल्या बसल्या. दुसऱ्यांदा परळीच्या पुढे, घाटात. दुसऱ्या वेळी पैशापेक्षा मोठं काहीतरी गेलं, ते सांगतो.

सुरुवात आजीपासून करावी लागेल. माझी आजी कितीतरी वर्षं दिंडीसोबत पायी पंढरपूरला जायची. आता गुडघे गेलेत. अंगणातून ओट्यावर यायचं तरी भिंत धरावी लागते. २०२३च्या कार्तिकीच्या आधी मी घरात बोलून गेलो की यंदा मी सायकलवर पंढरपूरला जातो. आई म्हणाली, "काऊन? एस्टी बंद पडली का?" आजी मात्र गप्प बसली, आणि रात्री जेवताना म्हणाली, "जायलास तर माझ्या नावानं नामदेव पायरीला हात लावून ये." आपल्याकडं नरसी जवळच, नामदेव महाराज आपले. त्यामुळे आजीचा नियमच होता, आधी पायरी, मग विठ्ठल. आता हे एकदा आजीला कबूल केलं म्हटल्यावर विषय संपला. जायचंच.

रस्ता असा ठरवला : कळमनुरी, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर. साधारण साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर. नकाशात बघताना सगळं सपाट वाटतं. आपल्याला मराठवाडा म्हणजे सपाट असंच डोक्यात असतं ना. पण परळी सोडून अंबाजोगाईकडं निघालं की बालाघाटच्या डोंगरावर चढावं लागतं, आणि तो चढ सामान लादलेल्या सायकलला चांगलाच जाणवतो.

सायकल होती मित्राकडची जुनी स्टीलची एमटीबी, २६ इंची चाकं. फ्रेम एकदम दणकट. बाकी सगळं गंजलेलं. म्हटलं फ्रेम ठेवू आणि गिअरचा सगळा सेट नवीन बसवू. एकेक पार्ट ऑनलाइन गोळा करत गेलो. मागचं चाक ९-स्पीड कॅसेटचं, सेकंडहँड मिळालं. शिफ्टर ९-स्पीडचे. क्रँक तीन चेनव्हीलचा, ४२-३२-२२. आणि मागचं डेरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलणारा तो मागचा हात, तो १०-स्पीड एमटीबीचा घेतला. का? कारण अर्ध्या किमतीत होता. मी विचार केला, १०-स्पीडला चालतो म्हणजे ९-स्पीडला आरामात चालेल. मोठ्या मापाचा शर्ट बारीक माणसाला होतोच की.

हे सगळं पिशवीत घालून चाचांकडं गेलो. आमच्या गल्लीतलं त्यांचं दुकान, चाळीस वर्षं काळ्या सायकलींचे कॉटर ठोकून ठोकून त्यांचा एक अंगठा चपटा झालाय. चाचांनी सगळं बसवलं, केबल ताणली, पायडल फिरवलं, क्लिक केलं. चेन अर्धवट हलली आणि दोन चकत्यांच्या मधे कडकड करत बसली. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. केबल ताणून वरच्या दोन चकत्या जुळवल्या तर खालच्या बिघडायच्या. मोठ्या चकतीवर तर चेन पोचायलाच तयार नाही. दोन तास गेले. शेवटी चाचांनी हात पुसले आणि म्हणाले, "बेटा, ये दोनों की बोली अलग है."

चाचांनी कुठलाही पीडीएफ वाचलेला नव्हता, पण बोलले अगदी बरोबर.

बघा, गिअर बदलताना काय होतं. तुम्ही शिफ्टर दाबता, तो केबल ठराविक मिलिमीटर ओढतो. डेरेलर त्या ओढीला ठराविक पटीनं गुणतो आणि तेवढा आडवा सरकतो. ते सरकणं दोन चकत्यांमधल्या अंतराएवढं आलं तर चेन बरोबर बसते. शिमानोच्या ९-स्पीडमध्ये शिफ्टर एका क्लिकला सुमारे अडीच मिलिमीटर केबल ओढतो. जुन्या डेरेलरची पट १.७. गुणाकार करा, साधारण सव्वाचार, आणि ९-स्पीड कॅसेटच्या चकत्यांमधलं अंतरही साधारण तेवढंच, ४.३५ मिलिमीटरच्या आसपास. जमलं. आता १०-स्पीड एमटीबी डेरेलर काढताना कंपनीनं ती पट बदलून १.२च्या आसपास आणली. म्हणजे माझ्या शिफ्टरनं तीच अडीच मिलिमीटर ओढली, पण डेरेलर सरकला फक्त तीन. दर क्लिकला सव्वा-दीड मिलिमीटरची उधारी. आठ क्लिकमध्ये ती उधारी साठत साठत साधारण अडीच चकत्यांएवढी होते. कसं पोचणार मोठ्या चकतीवर?

यातली मजेची गोष्ट लक्षात ठेवा, कारण हिच्यावर तुमचे हजारो रुपये वाचतील. डेरेलरला गिअर मोजता येत नाहीत. मोजतो शिफ्टर. डेरेलरवर ९-स्पीड लिहिलेलं असलं तरी त्याला ८-स्पीडचा शिफ्टर जोडला तर तो निमूटपणे ८-स्पीडचं काम करतो, कारण शिमानोच्या ७, ८ आणि ९-स्पीडला पट एकच आहे, १.७. रोड बाइकचं असो की एमटीबीचं. (त्यांच्या जुन्या ड्युरा-एसचा अपवाद आहे, पण तो तुमच्या-माझ्या हाती लागायचा नाही.) १०-स्पीडपासून मात्र घरात वाटण्या झाल्या. १०-स्पीड रोड बाइकला बहुतेक जुनीच पट राहिली, त्यातही टियाग्राची ४७०० मालिका वेगळी निघाली. १०-स्पीड एमटीबीला नवी. ११-स्पीड रोडला आणखी तिसरी. स्रॅमचं तर सगळं घराणंच वेगळं. म्हणून कुणी "शिमानो आहे ना, मग चालेल" म्हणालं की मी कान टवकारतो. कंपनी एक असून भागत नाही. शिफ्टर आणि मागचा डेरेलर ही जोडी एकत्र बघून घ्यायची, लग्नात दोघांची पत्रिका बघतात तशी. कॅसेट आणि चेन नंतर.

हे क्लिकचं प्रकरण फार जुनं नाही बरं का. शिमानोनं क्लिकवाले शिफ्टर १९८४मध्ये ड्युरा-एसबरोबर आणले. त्याआधी दांडीवर एक छोटी काडी असायची, ती अंदाजानं ढकलायची, चेन बसल्याचा आवाज आला की थांबायचं. त्याला फ्रिक्शन शिफ्टर म्हणतात. त्यात कुणाचीही कुणाशी जोडी जमते, कारण मोजणारे तुम्ही स्वतः. आजही जगभर फिरणारे काही लोक मुद्दाम फ्रिक्शन शिफ्टर वापरतात. आणि डेरेलर? तूर द फ्रान्समध्ये स्पर्धकांना १९३७पर्यंत डेरेलर वापरायलाच परवानगी नव्हती! गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, असं आयोजकांचं म्हणणं. आमच्या गावात अजून असं म्हणणारे चार जण दाखवतो. आणि ते पारशी तरुणांचं उदाहरण तोंडावर मारतात, आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगारा, १९२३मध्ये मुंबईहून निघाले आणि सायकलवर जग फिरून १९२८मध्ये परत आले. तेव्हा कुठं होते तुझे गिअर? खरंय. त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण त्यांच्याकडे साडेचार वर्षं होती, माझ्याकडे सहा दिवसांची रजा.

असो. कुठं होतो? हां, १०-स्पीडचं डेरेलर. परत घेईनात. कार्तिकी दोन आठवड्यांवर आलेली. मग पुन्हा मोबाइल काढला. आता अक्कल आलेली होती, पट १.७ पाहिजे, म्हणजे ९-स्पीड पाहिजे. एक सेकंडहँड मिळालं, रोड बाइकचं, ९-स्पीड, चकचकीत. बसवलं. टक, टक, टक, नऊच्या नऊ गिअर मक्खन! चाचांनी चहा पाजला. मी इसापूर धरणापर्यंत दोनदा जाऊन आलो. काहीच अडचण नाही.

अडचण होती, पण ती दिसायला एक विशिष्ट वेळ यावी लागत होती.

डेरेलरच्या कागदावर आणखी दोन आकडे असतात. ते मी वाचलेच नव्हते. एक, सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची चालेल. दुसरा, एकूण क्षमता. ही क्षमता काढायची कशी? पुढच्या मोठ्या आणि लहान चेनव्हीलच्या दात्यांतला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. माझं बघा. पुढे ४२ वजा २२, वीस. मागे कॅसेट ११ ते ३४, म्हणजे तेवीस. बेरीज ४३. म्हणजे गिअर बदलताना चेन जेवढी सैल पडते, तेवढी गिळून ताणून धरायला डेरेलरचा खालचा पिंजरा लांब पाहिजे. त्याला लाँग केज म्हणतात. माझं चकचकीत डेरेलर शॉर्ट केज होतं. त्याच्या कागदावर मोठी चकती ३०, क्षमता २९. मी त्याच्याकडून ४३चं काम घेत होतो. स्क्रू पिळून पिळून ३४च्या चकतीखाली कसंबसं बसवलेलं.

आणि त्याहून मोठी चूक चेनची. लहान चेनव्हील-लहान चकतीवर चेन लोंबकळायला लागली, म्हणून मी दोन कड्या आणखी तोडल्या. छान ताण आला. व्हिडिओत दाखवतात तसं दिसायला लागलं. खुश.

निघालो. पहिला मुक्काम परभणी. दुसऱ्या दिवशी गंगाखेडला गोदावरीवर थांबून जनाबाईंना नमस्कार करून परळीला संध्याकाळी पोचलो. वैजनाथाचं दर्शन घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गार वाऱ्यात निघालो अंबाजोगाईकडं. एका छोट्या उताराला मी पुढे ४२वर होतो, मस्त वेगात. उतार संपला आणि समोर एकदम चढ. घाईघाईत पुढचा गिअर बदलायचा सोडून मी मागचाच अंगठा दाबत गेलो. दाब, दाब, दाब. चेन पुढे मोठ्या चेनव्हीलवर, मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर. तेवढी लांबी चेनमध्ये नव्हतीच. डेरेलर पुढं ओढला गेला, हँगर वाकला, पिंजरा चाकाच्या तारांत शिरला आणि असा आवाज झाला की शेजारून जाणारा बाइकवाला थांबला. सायकल जागेवर गच्च. मी अंगावरच्या बॅगेसकट बाजूच्या खडीत.

कोपर सोललं, गुडघा दुखावला. बाकी ठीक. डेरेलरचे दोन तुकडे, चाकाच्या पाच तारा तुटलेल्या.

बाइकवाल्या दादांनी मला परळीत एका मिस्त्रीकडं सोडलं. त्या मिस्त्रींनी चेन तोडून, डेरेलर काढून टाकून सायकल सिंगल-स्पीड करून दिली. पुढे ३२, मागे मधली एक चकती. म्हणाले, "सपाटीला चालंल, घाटात ढकलत न्या." गुडघा तोवर सुजला होता. मी एका छोट्या हत्तीत सायकल टाकली आणि परभणीकडं माघारी फिरलो. एकादशी पुढं होती आणि मी उलट्या दिशेनं. रस्त्यात दिंड्या दिसत होत्या, त्या सगळ्या तिकडं चाललेल्या.

घरी आजी काही बोलली नाही. "हातपाय धड आहेत ना" एवढंच. मग हळूच म्हणाली, "पायरी कुठं पळून चालली का?" पण ओट्यावर बसल्या बसल्या ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की नातू गेलाय, ते मला आईकडून कळलं. मी गेलो नव्हतो, हे तिला तोंडानं सांगावं लागलं लोकांना.

तर मंडळी, त्यानंतर मी पार्ट बघायचं सोडलं आणि आधी हिशेब केला. तोच हिशेब तुम्ही आधी करा. उलट्या टोकापासून सुरुवात करायची. सगळ्यात जड चढ कुठला आणि त्यावर मला किती हळू जाता आलं पाहिजे?

माझं वजन ६८, सायकल १५, सामान १४ किलो. एकूण ९७. सहा टक्के चढ धरू, म्हणजे शंभर मीटर गेलो की सहा मीटर वर. आता पुढे ३२, मागे २८ दात्यांवर मी असेन तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३ मीटरच्या थोडी वर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेआठ किलोमीटरच्या जवळ. तेवढ्या वेगानं हे वजन चढवायला साधारण १५० वॅट लागतात. दहा मिनिटं जमेल, तासभर? माझ्याकडून नाही. गुडघ्यानं पाय पिरगाळून चढायचं. तेच पुढे २२, मागे ३४ असेल तर एका फेऱ्यात १.३३ मीटर, ताशी पाचच्या आत, आणि लागतात ८५ वॅटच्या आसपास. म्हणजे गप्पा मारत चढता येतं. चालण्याच्या वेगानं का होईना, पण बसून. हा हिशेब सोपा आहे : पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. माझ्या २६ इंची टायरचा घेर २.०५ मीटर, दोरा गुंडाळून मोजला. शेल्डन ब्राउन नावाचे एक अमेरिकन सायकल मिस्त्री होते, २००८ला वारले, त्यांच्या वेबसाइटवर गिअरचं कॅलक्युलेटर अजून आहे. मोबाइलवर चालतं. दाते टाका, उत्तर घ्या. अर्धी रात्र जाईल तुमची तिथं, सांगून ठेवतो.

माझं मत सांगतो, वाद घाला पाहिजे तर. आपल्यासारख्या सामान घेऊन जाणाऱ्या माणसानं सगळ्यात हलका गिअर १च्या खाली ठेवावा, म्हणजे मागची मोठी चकती पुढच्या लहान चेनव्हीलपेक्षा मोठी. ०.६५ ते ०.७ असेल तर उत्तम. वरच्या टोकाची काळजी करूच नका. ४२-११ला मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी ३७ पडतात. सामान घेऊन सपाटीला ३७नं जाणार आहात का? मग कशाला ५०चं चेनव्हील?

दुसरा प्रश्न मी स्वतःला विचारला तो कॅटलॉगमध्ये नसतो : रस्त्यात तुटलं तर कोण दुरुस्त करणार? मी चाचांच्या दुकानात भिंतीवर बघितलं. ७-स्पीडचे फ्रीव्हील लटकलेले, त्याच्या चेन लटकलेल्या. ९-स्पीडची चेन नाही. गंगाखेडलाही विचारलं होतं, परळीतही, तीच कथा. ६, ७ आणि ८-स्पीडला चेन एकच जाडीची चालते. ९ची पातळ, १०ची त्याहून पातळ. म्हणून ठरवलं, ८-स्पीड. एक गिअर कमी झाला तर झाला. केजच्या बाजारात चेन मिळणं मला जास्त महत्त्वाचं.

मग ७-स्पीड फ्रीव्हीलच का नाही, असं विचाराल. रास्त प्रश्न. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं, आणि त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आतल्या बाजूला राहतं, त्यामुळे अ‍ॅक्सलचं टोक आधाराशिवाय लोंबतं. मागे कॅरिअरवर १४ किलो आणि आपले खड्डे, की अ‍ॅक्सल वाकतो. माझा एकदा वाकलाय. कॅसेटवाल्या हबमध्ये बेअरिंग पार कडेला असतं. पण तुमच्याकडे आधीच ७-स्पीड फ्रीव्हीलची सायकल असेल आणि पैसे कमी असतील, तर चाक बदलू नका. १४ ते ३४ दात्यांचं ७-स्पीड फ्रीव्हील मिळतं. ते बसवा, पुढे २२चं लहान चेनव्हील असलेला क्रँक बसवा, सामान कमी घ्या. सगळ्यात हलका गिअर माझ्याएवढाच होतो. मी वर्षभर पैसे उधळून जिथं पोचलो, तिथं तुम्ही एका पगाराच्या कोपऱ्यात पोचाल.

माझं जुनं चाक मात्र कामी आलं. शिमानोच्या ८, ९, १०-स्पीड कॅसेटला हबचा तोच भाग चालतो. फक्त ११-स्पीड रोडला तो थोडा रुंद लागतो. म्हणून तारा नवीन टाकून घेतल्या आणि त्याच चाकावर ८-स्पीडची ११-३४ कॅसेट चढवली. ८-स्पीडचे एमटीबी शिफ्टर, पुढचं डेरेलरही एमटीबीचंच. इथं एक सूचना, पुढच्या डेरेलरला रोड आणि एमटीबीची ओढ वेगळी असते, ९-स्पीडच्या काळातही होती, तिथं सरमिसळ करू नका. शिवाय पुढचं घेताना सीटच्या नळीची जाडी आणि केबल वरून येते की खालून, हे बघून घ्या. मी वरून येणारं मागवून बसलो होतो, ती वेगळी गोष्ट. मागचं डेरेलर लाँग केज, मोठी चकती ३४, क्षमता ४३. माझी गरज ४३, एक दाताही जास्त नाही. क्रँक तोच जुना, ४२-३२-२२.

चेन या वेळी चाचांसमोर मोजली. पुढे सगळ्यात मोठं चेनव्हील, मागे सगळ्यात मोठी चकती, चेन डेरेलरमधून न घालता नुसती दोन्हीवरून गुंडाळायची, टोकं जिथं भेटतात त्यात आणखी दोन कड्या, एक आतली, एक बाहेरची, आणि मग तोडायची. अशी चेन कधीच कमी पडत नाही. लहान-लहानवर थोडी लोंबली तर लोंबू दे. ती आवाज करेल, पण डेरेलर तोडणार नाही. चेन जास्त लांब असल्याची शिक्षा खडखड, आणि आखूड असल्याची शिक्षा तुम्ही ऐकलीच.

चाचांनी हँगर पानं लावून सरळ केला, नवाच बसवा म्हणत होते, पण त्या फ्रेमचा मिळेना. शेवटी अ‍ॅक्सलला बोल्टनं बसणारा हँगर लावला. चालतो. मग कडकडाट होतो का बघायला आम्ही पायडल हातानं फिरवत मुद्दाम मोठ्या-मोठ्यावर टाकलं. मी डोळे मिटले होते. चाचा हसले.

२०२४ची कार्तिकी. परळीपर्यंत तेच, वैजनाथ तेच. त्या उतारावर आलो तर छातीत धडधड. चढ लागायच्या आधीच पुढचा गिअर ४२वरून ३२वर, मग २२वर. मागे हळूहळू ३४. टक, टक, टक. ताशी पाच. एक म्हातारे आजोबा डोक्यावर गाठोडं घेऊन चालत होते, मी त्यांना ओलांडायला चांगली पंधरा मिनिटं घेतली असतील. ते म्हणाले, "गाडी आहे का पांगुळगाडा?" मी म्हटलं, "बाबा, पोचतोय ना." गेल्या वर्षी पडलो ती खडीची जागा ओळखू आली. थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा चढताना जड गेलं असतं. हेही सांगून ठेवतो, चढावर सुरुवात करणं सगळ्यात कठीण.

पुढं केजला चेन एकदा सुटली, एक कडी ढिली झालेली. बाजारातल्या पहिल्याच दुकानात ७-८-स्पीडची चेन मिळाली. त्यातली कडी काढून त्या मुलानं पाच मिनिटांत जोडून दिली, पैसे घेईना, वारीला चालला म्हणून. शेवटी चहा पाजला त्याला.

पंढरपुरात गर्दी म्हणजे काय सांगू. सायकल एका मठात ठेवली आणि चालत गेलो. पायरीला हात लावला, तोच हात कपाळाला. फोटो काढायचा राहिला. घरी आल्यावर आजीनं फोटो मागितलाच नाही, माझा उजवा हात घेतला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. हाताला तेव्हाही चेनचं काळं ऑइल होतं, चार वेळा धुऊनही जात नव्हतं. तिच्या पांढऱ्या केसांना लागलं. आई ओरडली.

बरं, आता प्रश्न पाठवताना एक करा. पार्टचा स्क्रीनशॉट पाठवू नका. तुमच्या सायकलच्या पुढच्या-मागच्या चकत्यांचे दाते मोजून पाठवा, शिफ्टरवर जे छापलंय ते पाठवा, आणि तुमच्या गावातल्या दुकानात भिंतीवर कुठली चेन लटकलीय ते बघून पाठवा. मग बोलू. पुढच्या भागात ब्रेक घेऊ, कारण परळीचा चढ जसा आहे तसा परत येताना तो उतारही आहे, आणि तिथं माझं आणखी एक प्रकरण झालंय. चला, रामकृष्ण हरी. ट्रॅक्टर आला वाटतं.